खोदणाऱ्याला मजुरी, राखणाऱ्याला काय?



1972च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली आणि 1977 साली त्याचा कायदा झाला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती अशा कामांवर डोक्यावर घमेलं घेऊन राबलेली माणसं आजही आपल्या गावांत भेटतात. पर्यावरणाचं काम करतोय असं त्यांच्या मनातही आलं नसेल. पण माती अडवायची, पाणी जिरवायचं आणि त्याची मजुरी घ्यायची, हेच ते काम होतं.

2018मध्ये बुलडाणा जिल्ह्यात तीच कामं पोकलेन आणि जेसीबीनं झाली. जिल्हा प्रशासनाला भारतीय जैन संघटनेची साथ मिळाली आणि तलावांतला गाळ निघाला. महामार्गाला लागणारा मुरूम तलाव-नाले खोल करून काढायचा, ही युक्ती तर ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून राज्याबाहेरही गेली. त्याच वर्षी मोताळा तालुक्यातलं सिंदखेड श्रमदानाच्या जोरावर जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात दुसरं आलं, तेही विभागून. हे सगळं चांगलंच झालं. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या पावसाळ्यांबद्दल. गाळ परत येतोच. तो मोजायचा कुणी? सांडवा फुटला तर बघायचा कुणी? खोदकामाला पैसा मिळतो, राखणीला मिळत नाही. पर्यावरणातलं करिअर शोधणाऱ्या पोरापोरींनी नेमकं इथंच बघावं, असं मला वाटतं.

आता सौर कृषिपंपांचं बघा. सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच टक्के, आणि पंपाला पाच वर्षांची हमी मिळते. त्या पाच वर्षांतही कंपनीचा माणूस ऐन हरभऱ्याच्या पाण्याला वेळेवर येईलच असं नाही. पाच वर्षांनंतर तर ज्याचा तोच मालक. अशा वेळी गावातला वायरमन पान्हा-पक्कड घेऊन जातो, आणि तिथंच धोका असतो. खांबावरचा फ्यूज काढला की मोटार मेली, ही त्याची सवय. पॅनेलला असा फ्यूज चालत नाही. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंत असतं, ओळीनं जोडलेल्या पॅनेलांत काहीशे व्होल्ट असतात, आणि चालू पंपाचं कनेक्टर ओढलं तर ठिणगीची कमान उभी राहते. आधी कंट्रोलर बंद करायचा, मग डीसीचा स्विच, मग मीटर लावून बघायचं, आणि त्यानंतरच हात घालायचा. हे शिकवणारा सौर तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आयटीआयच्या यादीत आहे. इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाला त्यातलं बरंचसं आधीच येत असतं.

खाली पूर्णा नदीकाठी, खारपाणपट्ट्यात, दुसरंच दुखणं. विहिरीचं पाणीच खारं, त्यामुळे ठिबकच्या तोट्या क्षारांनी बुजतात. शेतकरी वैतागून नळ्या गुंडाळून बांधावर टाकतो. खरं तर पाण्याची तपासणी करून बेतानं आम्ल सोडलं, नळ्यांची टोकं उघडून धुऊन काढल्या, तर संच पुन्हा चालतो. पण प्रमाण चुकलं तर पिकाचंही नुकसान आणि हाताचंही. हे काम शिकून फिरणारा माणूस तालुक्यात असला तर त्याला उसंत मिळायची नाही. जळगाव जामोदला आणि बुलडाण्याला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. चौकशी तिथून सुरू करता येईल.

जंगलाकडे मात्र मुलं लगेच ओढली जातात. 2019मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा जिल्हाभर त्याचीच चर्चा होती. पण वाघाच्या मागं रोजगार किती? जाळरेषा काढणारे, कॅमेरे लावणारे, पाणवठे भरणारे हंगामी मजूर, बस्स. लोणारला वाव जास्त आहे. 2020मध्ये तिथलं सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. त्याच वर्षी पाणी गुलाबी झालं, ते मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. पर्यटकाला लवणासुर राक्षसाची कथा सांगणारे पुष्कळ भेटतील. ती सांगून झाल्यावर बेसॉल्टचा दगड हातात देऊन उल्केच्या आघाताची गोष्ट सांगणारा भेटला, तर त्याला चार पैसे जास्त द्यायला कुणाची ना नसेल.

अशी कामं निवडायची तर अडचण घरात आहे. “पोरगा काय करते?” असं सोयऱ्यानं विचारलं की पुण्यातल्या कंपनीचं नाव सांगायला सोपं जातं. “सौर पंप दुरुस्त करते” म्हटलं की समोरचा गप्प बसतो. त्याचं हे मौन महिन्याच्या ठरलेल्या पैशानंच मोडेल. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो निधी येतो, त्यातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला असतो. अटल भूजल योजनेनं जिल्ह्यातल्या निवडक गावांना पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवलं आहे. आता चार-पाच गावांनी मिळून एक माणूस नेमावा. विहिरींची पातळी, बंधाऱ्यातला गाळ, सांडव्याची डागडुजी, पर्जन्यमापकाची रोजची नोंद, सगळं त्याच्याकडे द्यावं आणि मानधन ग्रामसभेच्या ठरावानं बांधून द्यावं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल, तर अर्ज त्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे पोचायला हवा.