न सुटणारा पीळ



घायपाताच्या वाखाचा एकच पेड पिळून हात सोडला, तर तो उलगडतो. म्हणून दोर वळणारे पिळाचे दोन पेड एकत्र घेऊन उलट दिशेने वळतात. मग एकाची उलगडण्याची ओढ दुसऱ्याला आवळून धरते.

मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. अशा काही नॅनोमीटर जाडीच्या स्फटिक-तारेला दुसरा पेड नसतो. तरीही काही तारांचा पीळ टिकतो. त्यांच्या अक्षाभोवती अणूंचे थर मळसूत्री जिन्याप्रमाणे सरकलेले असतात. हा दोष तारेला पीळ देतो आणि तोच पीळ दोषाला अक्षावर स्थिर ठेवतो, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. एशेल्बी यांनी १९५३ मध्ये गणिताने दाखविले. दोष तोच राहून तारेची जाडी निम्मी झाली, तर पीळ चौपट होतो. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना लेड सल्फाइडच्या नॅनोतारांत हा पीळ प्रत्यक्ष आढळला. दोष मोठा असेल, तर ताण हलका होण्यासाठी गाभा पोकळ राहतो व नळी तयार होते. झिंक ऑक्साइडबाबत हे २०१० मध्ये दिसून आले. मात्र पातळ भिंतीच्या नळीला बाहेरून अतिरिक्त पीळ दिल्यास ती चपटी होते.

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झिंक ऑक्साइडसारख्या अर्धवाहकांचे पातळ थर व नॅनोरचना रासायनिक पद्धतींनी बनविण्याचे संशोधन होत आले आहे. वायुसंवेदक असो वा सौरघट, त्याचे आयुष्य अशा रचनांच्या स्थैर्यावर अवलंबून असते. शाळेत एक सुटा पेड आणि एक वळलेली दोरी विद्यार्थ्यांच्या हाती दिली, तरी या शास्त्राचा पहिला धडा पूर्ण होईल.