मोतीबिंदूनंतरची दक्षता
(मंडळाच्या झरी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाने आम्हांस नेत्रारोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही वैद्य नव्हे. परंतु जाणत्यांचे ज्ञान सुबोध करून सांगणे हा शिक्षकाचा धर्मच आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे भय आता ओसरले आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे सुपुत्र डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलेली रुग्णसेवा सर्वश्रुत आहे. २००८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयाचा आधारही मराठवाड्यास लाभला आहे. भय गेले हे इष्टच. परंतु त्यासवे दक्षताही गेली, तर ते अनिष्ट होय.

शस्त्रक्रियेनंतर क्वचित जंतू डोळ्याच्या आत शिरतात. तेथील पारदर्शक द्रवात ते झपाट्याने वाढतात, पू होतो आणि लगतचा नाजूक पडदा नासू लागतो. पडद्याचा नष्ट झालेला भाग पुन्हा उगवत नाही. येथे केवळ गोळ्या व थेंब पुरे पडत नाहीत, कारण रक्तातील औषध डोळ्याच्या अंतर्भागात पुरेसे उतरत नाही. म्हणून तज्ज्ञ डॉक्टर आतील द्रवाचा नमुना तपासणीस घेतात आणि व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडीम यांसारखी औषधे सुईने थेट डोळ्यातच सोडतात.

अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील सुमारे एकचतुर्थांश रुग्णांस वेदना नव्हतीच! तेव्हा ‘दुखत नाही, मग चिंता कसली?’ हा समज घातक आहे. ज्यांस डोळ्यापुढे हलविलेला हात दिसत होता, त्यांस इंजेक्शनानेच पुरेसा गुण आला; ज्यांस केवळ उजेडाची जाणीव उरली होती, त्यांस आतील दूषित द्रव तातडीने काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा विशेष लाभ झाला. अर्थात दृष्टीचे मोजमाप हे नुसते प्रगतिपुस्तक नव्हे. उपचाराची दिशाही त्यावरच ठरते.

उपचारानंतर दीड-दोन दिवसांत पुन्हा तपासणी होते. लाली उतरली म्हणजे दृष्टी आली, असे नव्हे. आधी उजेड, मग हलता हात, मग बोटे आणि शेवटी तक्त्यावरील अक्षरे, अशा पायऱ्यांनी सुधारणा मोजतात. उपरोक्त अभ्यासात नऊ ते बारा महिन्यांनी निम्म्याहून अधिक रुग्णांची दृष्टी ६/१२ किंवा त्याहून चांगली झाली, म्हणजे निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ती ओळ त्यांस सहा मीटरवरून वाचता आली. वेळीच उपचार झाल्यास आशेस जागा आहे.

म्हणून आमची विनंती अशी. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे रोज सकाळी वडीलधाऱ्यांचा दुसरा डोळा, दाब न देता, झाकून त्यांस भिंतीवरील दिनदर्शिका एकाच जागेवरून वाचावयास सांगावी. अक्षरओळख नसेल तर बोटे मोजवावीत. कालच्यापेक्षा कमी दिसले, तर त्याच दिवशी जिंतूर रस्त्याने परभणी गाठावी आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस कळवावे. मध, तूप, दूध डोळ्यात घालू नये. ‘पोरांना कशाला त्रास?’ म्हणून आपली वृद्ध माणसे अंधूकपणा लपवितात. त्यांस आपणच विचारले पाहिजे. ज्यांच्या घरी कोणी नाही, त्यांच्यासाठी शेजाऱ्याने ही पाळी घ्यावी आणि वाहनाची सोय मंडळाने करावी. ज्ञातिबंधुत्वाची याहून मोठी कसोटी ती कोणती?