उताऱ्यातले शब्द कुठून आणायचे?

बचत गटाच्या आम्ही बाया आज तुमच्याशी बोलतोय. विषय आहे पाचवीच्या लेकरांचा आणि त्यांच्या मराठीच्या उताऱ्यांचा. भाकरी थापत ऐकलंत तरी चालेल. मधे आम्ही एक उतारा वाचून दाखवू, तेव्हा मात्र लेकराला जवळ बोलवा.

नवोदयचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे सहावी ते बारावीची केंद्र सरकारची निवासी शाळा. देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळांपैकी एक आपल्या अमरावतीला निघाली, आता राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत आहे. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं तिथेच. सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. त्यात किमान 75 टक्के जागा खेड्यातल्या मुलांच्या आणि निदान एक तृतीयांश जागा मुलींच्या. परीक्षा पाचवीत असताना द्यायची, आणि ती एकदाच देता येते. यंदा नाही जमलं तर पुढच्या साली बसवू, असं तिथे चालत नाही.

पेपर दोन तासांचा, 80 प्रश्न, 100 गुण. त्यात बुद्धिमत्तेचे 40 प्रश्न, गणिताचे 20 आणि भाषेचे 20. भाषेला 25 गुण आहेत आणि वेळ अर्धा तास. चार उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि बरोबर उत्तराचा गोल रंगवायचा.

आता घरोघरी काय होतं बघा. आकृत्यांची तयारी होते, गुणाकार-भागाकार होतात. भाषेचं नाव काढलं की सगळे म्हणतात, मराठीच तर आहे, आपलीच भाषा, तिचा काय अभ्यास करायचा? आमच्या गटातल्या आठ-दहा जणींची लेकरं आणि नातवंडं यंदा बसणार म्हणून आम्ही संध्याकाळी समाजमंदिरात त्यांचा सराव घेतो. आमच्यात दोघी बारावी झालेल्या, बाकीच्या सही आणि हिशेबापुरत्या शिकलेल्या. पण तिथे बसून जे दिसलं ते न शिकलेल्या बाईलाही दिसेल असं आहे. लेकरं उतारा खडाखडा वाचतात, कुठे अडखळत नाहीत, आणि खालच्या पाचपैकी तीन उत्तरं चुकवतात.

का चुकवतात, ते ऐका. हा उतारा आम्हीच तयार केलाय.

‘गावाच्या वरच्या बाजूस पाझर तलाव बांधण्यात आला. त्यात साठलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते. परिणामी परिसरातील विहिरींची पाणीपातळी उंचावली. तथापि तलावातील गाळ नियमित न काढल्यास त्याची साठवणक्षमता घटते.’

आता प्रश्न. तलावाची साठवणक्षमता घटण्याचे कारण कोणते? पर्याय असे: विहिरींची वाढती संख्या, गाळ साचणे, पाणी मुरणे, अपुरा पाऊस.

आमच्याकडे निम्म्या मुलांनी ‘अपुरा पाऊस’ रंगवला. आपल्या भागात दुसरं काय सुचणार? पाऊस नाही म्हणून तलाव रिकामा, हे त्यांनी जन्मापासून पाहिलंय. एका मुलीला विचारलं, ‘घटते म्हणजे काय गं?’ ती म्हणाली, ‘घट म्हणजे घटस्थापनेचा.’ हुशार पोरगी आहे. तिला घट माहीत होता, तलावातला गाळही माहीत होता. तिच्या बापाने तोच गाळ ट्रॉलीने नेऊन शेतात टाकलाय. ‘साठवणक्षमता’ म्हणजे किती पाणी मावतं एवढंच, हे कळल्याबरोबर ती म्हणाली, ‘मग गाळच की!’

म्हणजे अक्कल होती, माहिती होती, फक्त शब्दाचं दार बंद होतं.

अशी दारं दोन ठिकाणी असतात. काही उताऱ्यात आणि काही प्रश्नात. प्रश्नातली जास्त नडतात. ‘आशय’, ‘निष्कर्ष’, ‘अनुमान’, ‘समर्पक शीर्षक’, ‘वगळता’, ‘असत्य विधान’, ‘समानार्थी’. हे शब्द दळायला जाताना कोणी बोलत नाही, बाजारात ऐकू येत नाहीत. शाळेत येतात, पण घाईत येतात. परीक्षेत मात्र त्यांच्यावरच सगळं अडतं. ‘खालीलपैकी कोणते विधान असत्य आहे?’ असं विचारलं आणि लेकराने पहिलंच खरं वाक्य दिसताच रंगवलं, की गुण गेला.

आणि एक शब्द आहे ‘उताऱ्यानुसार’. त्याच्याकडे आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. उताऱ्यात जे लिहिलंय त्याच्याच आधाराने उत्तर द्यायचं. झाडं लावावीत हे खरं आहे, पाऊस कमी झालाय हेही खरं आहे, पण उताऱ्यात नसेल तर ते उत्तर नाही. आम्ही मुलांना सांगतो, ‘कोणत्या ओळीत आहे? बोट ठेव.’ बोट ठेवता आलं तर बहुतेक उत्तर बरोबर. ज्या आईला वाचता येत नाही तीही ‘बोट ठेव’ म्हणू शकते, लेकराचं बोट फिरतंय की थांबलंय तेवढं तिला दिसतं.

बाजारात गाइडं मिळतात. त्यांच्या मागे शब्दांच्या याद्या असतात, समानार्थी शंभर, विरुद्धार्थी शंभर. गोल रंगवायचा आणि वेळ सांभाळायचा सराव म्हणून गाइड चांगलं. शब्दांसाठी आमचं मत वेगळं आहे. यादी पाठ केलेला शब्द यादीतच राहतो. लेकरू ‘जल म्हणजे पाणी’ घडाघडा म्हणतं आणि उताऱ्यात ‘जलाशय’ आला की थांबतं.

आपलंच बघा ना. गट सुरू झाला तेव्हा आपल्यातल्या कितीजणींना ‘ठराव’, ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘मुद्दल’, ‘शिल्लक’, ‘इतिवृत्त’ हे शब्द बोलता येत होते? कुणी आपल्याला त्यांची यादी दिली नव्हती. दर बैठकीला ठराव मांडावा लागला, कुणीतरी सूचक व्हावं लागलं, बँकेत गेल्यावर साहेबाला शिल्लक विचारावी लागली. आज आपल्यातली अंगठेबहाद्दर म्हातारीही ‘हा ठराव मला मंजूर नाही’ असं ठणकावून सांगते. शब्द कामाला लावला की तो आपला होतो. लेकरांचंही तसंच आहे.

म्हणून आम्ही आठवड्याला तीन-चारच शब्द घेतो आणि ते घरात कामाला लावतो. ‘अनुमान’ घ्या. सकाळी उठून बघितलं तर अंगण ओलं, पत्र्यावरून थेंब पडतायत. पाऊस पडताना कुणी पाहिला नाही. ‘मग काय अनुमान काढशील?’ असं विचारायचं. तोच शब्द वापरून विचारायचं, हे महत्त्वाचं. शेजारच्या दाराला कुलूप आहे, बैलगाडी नाही, काय अनुमान? कुत्रं भुंकायचं थांबलं, काय अनुमान? चार दिवस असं केलं की पोरं आपल्यालाच विचारायला लागतात. आमच्यातल्या एकीचा मुलगा तिला म्हणाला, ‘आई, भाजीत मीठ नाही, यावरून माझा निष्कर्ष असा की तू सीरियल बघत होतीस.’ मार खाण्यासारखं बोलला, पण शब्द बरोबर वापरला.

‘उत्पादन’ आणि ‘उत्पन्न’ यांत मुलं नेहमी गोंधळतात. आपल्या घरात हा फरक समजवायला पुस्तक लागत नाही. कांदा किती पिशव्या निघाला ते उत्पादन, विकून हातात किती आले ते उत्पन्न. उत्पादन भरपूर आणि उत्पन्न काहीच नाही, अशी सालं आपण पाहिलीत. एवढं सांगितलं की लेकरू तो फरक जन्मात विसरणार नाही. ‘बाष्पीभवन’ दोरीवरच्या लुगड्यात आहे, ‘घनीभवन’ भाताच्या झाकणाच्या आतल्या थेंबांत आहे. ‘स्थलांतर’ म्हणजे काय, हे कोयता घेऊन जाणाऱ्या घरांना आपण काय सांगावं?

शब्दांचंही भावकीसारखं असतं. एक ओळखला की बाकीच्यांची ओळख पटते. जल ओळखलं की जलाशय, जलचर, जलसिंचन, जलसंधारण. दुष्काळ माहीत आहे, तर त्यातला ‘दुष्’ म्हणजे वाईट, मग दुष्परिणामही कळतो. पीक माहीत आहे, तर सुपीक आणि नापीक. मुलांना हा खेळ फार आवडतो, भिंतीवर खडूने लिहून ते एकेका शब्दाची भावकी वाढवत नेतात. त्यात कधी चुकीचा पाहुणा घुसतो. एकाने ‘जलद’ हा शब्द जलच्या घरात बसवला आणि म्हणाला, पाणी जोरात वाहतं म्हणून जलद. आम्ही हसलो. आमच्यातल्या बारावीवाल्या ताईने शब्दकोश उघडला तर जलद म्हणजे ढग असाही अर्थ निघाला, पाणी देणारा तो जलद! लवकर या अर्थाचा जलद मात्र वेगळा. असे धडे आम्हालाही मिळतात.

छोटे जोडशब्दही सोडू नका. ‘तथापि’, ‘परिणामी’, ‘अन्यथा’, ‘तरीही’, ‘त्याऐवजी’. दिसायला किरकोळ, पण वाक्य कुठे वळतं ते हेच सांगतात. ‘तथापि’ आलं की पुढे उलटी गोष्ट येणार. आपण बोलताना ‘पण’ म्हणतो, ‘नाहीतर’ म्हणतो, ‘म्हणून’ म्हणतो. तेच लोक शहरी कपडे घालून आलेत, असं आम्ही मुलांना सांगतो.

एक गोष्ट कळकळीची. हे सगळं करताना घरच्या बोलीला नावं ठेवू नका. ‘असं बोलू नको, शुद्ध बोल’ म्हणून दटावलं की लेकरू गप्प होतं, आणि गप्प लेकरू नवा शब्द तोंडात घेत नाही. घरी कालवण म्हणावं, उताऱ्यात आमटी वाचावी, दोन्ही जवळ असावं. तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरमाटी बोलतात, त्यांना तर तीन-तीन भाषांमधून ये-जा करावी लागते. त्यांना आम्ही आधी त्यांच्या भाषेत अर्थ सांगायला लावतो, मग मराठीत.

वाचायला काय द्यायचं, असं बायका विचारतात. रद्दीतला पेपर द्या, कृषी खात्याचं पत्रक द्या, बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचना द्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, मोबाइलवर उघडतात. रोज पंधरा ओळी पुरेत. वाचून झाल्यावर लेकराने दोन वाक्यांत आशय सांगायचा, आणि आपण ‘आशय’ हाच शब्द वापरून तो मागायचा.

आता आमच्या काळजीची गोष्ट. ही परीक्षा आपल्याकडे अलीकडे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येते. तेव्हा ऊसतोड भरात असते. आई-बाप कारखान्यावर, त्यांच्याबरोबर पोरगीही, आणि परीक्षेचं केंद्र इकडे. आमच्या गटातल्या दोघींच्या मुली यंदा पाचवीत आहेत. दोघी हुशार. मुलगी मागे ठेवायची तर कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न खरा आहे, आणि तो नुसता परीक्षेचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. गटाने बैठकीत ठराव केला. एक मुलगी तिच्या आजीजवळ राहील, रात्री आमच्यातली एकजण तिथे झोपायला जाईल. दुसरी आमच्यातल्या एकीच्या घरी, तिच्या लेकीबरोबर. धान्य गट देतोय. दोघींच्या आया फडातून रात्री फोन करतात. पहिल्यांदा विचारतात जेवलीस का, आणि मग, ‘आज कोणता शब्द झाला?’ परवा त्यातल्या एकीने फोनवरच लेकीला विचारलं, ‘टोळी एक गाडी कमी भरतेय, मुकादम चिडलाय, तर काय अनुमान?’ पोरगी म्हणाली, ‘आई, तू आजारी आहेस.’ खरंच तिला दोन दिवस ताप होता, तिने सांगितलं नव्हतं.

दोघींची निवड होईल का? जागा 80 आणि बसणारी मुलं हजारोंनी. ते आमच्या हातात नाही. दोघी परीक्षेला बसतील, हे मात्र आम्ही धरलंय.

ज्यांचं लेकरू आता चौथीत आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. अर्ज ऑनलाइन भरतात, त्याला पैसे लागत नाहीत. तो साधारण पावसाळ्यात सुरू होतो, त्यावर मुख्याध्यापकांची सही लागते. लेकरू ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतंय त्याच जिल्ह्यातून बसतं. खेड्याच्या जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्याच शाळेत झालेली हवीत, म्हणून मधेच तालुक्याच्या शाळेत नाव घालण्याआधी हे बघा. शेवटची तारीख दरवर्षी बदलते. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात सरांना जाऊन विचारा, आणि एकटीने जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा.