छोट्या जादूचा हिशेब



फायरबॉलमुळे रोलप्लेइंग खेळातली मोहीम बिघडली, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. तक्रारी येतात त्या ‘लाइट’, ‘गुडबेरी’, ‘गायडन्स’ अशा लहान मंत्रांच्या. फायरबॉल दिवसातून एखाद-दोनदा पडतो, गॉब्लिनांची टोळी भाजून निघते आणि जग पुन्हा होतं तिथे येतं. लहान मंत्र दर खोलीत, दर मुक्कामाला, जवळजवळ दर फाशाबरोबर येतो. तुमच्या जगात अंधार किती गडद, भूक किती खरी, पाणी किती मोलाचं, हे तोच ठरवतो. त्याला आवर कुठे घालावा, कसा घालावा आणि कुठे मुळीच घालू नये, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

आजचा पेच कसा तयार झाला ते आधी पाहू. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं, तेव्हा पहिल्या पातळीवरच्या जादूगाराला दिवसाला एक मंत्र मिळायचा. एकच. म्हटला की डोक्यातून पुसला गेला. ही कल्पना जॅक व्हान्सच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’मधून उचललेली. क्लेरिकला, म्हणजे पुजाऱ्याला, पहिल्या पातळीवर एकही मंत्र नव्हता, आणि पाणी निर्माण करणारा मंत्र थेट चौथ्या श्रेणीत ठेवला होता. कॅन्ट्रिप, म्हणजे सगळ्यात लहान मंत्र, 1985 च्या ‘अनअर्थ्ड आर्केना’ या पुस्तकात आले, पण तेही फुकट नव्हते : पहिल्या पातळीच्या एका मंत्राची जागा सोडायची, तेव्हा चार कॅन्ट्रिप पदरात पडायचे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने त्यांना शून्य पातळी दिली, रोजची मोजणी मात्र राहिली. पुढे 2008 ची चौथी आवृत्ती, 2009 चा ‘पाथफाइंडर’ हा खेळ आणि 2014 ची पाचवी आवृत्ती यांनी ती मोजणीच काढून टाकली.

हे करणाऱ्यांना मी दोष देत नाही. एकुलता एक मंत्र संपल्यावर उरलेला दिवस खंजीर धरून भिंतीच्या आडोशाला उभा राहणारा जादूगार, हा नव्या खेळाडूवर अन्यायच होता. जादूगार खेळायला आलेल्या माणसाला जादू करता आलीच पाहिजे. त्याने दर फेरीत फायरबोल्ट टाकून दहा बाजूंचा एक फासा फिरवला तर काही बिघडत नाही; शेजारचा धनुर्धरही बाण मारून जवळपास तेवढंच करतो. पण त्याच दारातून उजेडही अमर्याद झाला आणि काही खेळांत पाणीही. तिथे खेळाचा नव्हे, जगाचा प्रश्न सुरू झाला.

पाण्याचंच घ्या. 2009 च्या पाथफाइंडरमध्ये ‘क्रिएट वॉटर’ शून्य पातळीवर आहे. पहिल्या पातळीचा क्लेरिक सहा सेकंदांच्या एका फेरीत दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटर पाणी काढतो, आणि हवं तितक्या वेळा काढतो. मिनिटाला 75 लिटर, तासाला साडेचार हजार. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. दहा हजार लिटरचा टँकर हा नवशिका क्लेरिक सव्वादोन तासांत भरून देईल. न प्यायलेलं पाणी दिवसभराने नाहीसं होतं, असं नियम सांगतो; पण माणसं आणि गुरं दोन्ही दिवसभरात पाणी पितातच. अशा जगात वाळवंटातल्या एका विहिरीवरून दोन टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या वैर धरून आहेत, ही कथा तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? पहिलाच शहाणा खेळाडू विचारेल, ‘यांच्या देवळात पुजारी नाही का?’ आणि त्याचा प्रश्न अगदी रास्त असेल.

याला दोन प्रामाणिक उत्तरं आपल्या खेळाच्या इतिहासात आहेत. कीथ बेकर यांचं 2004 सालचं ‘एबेरॉन’ हे खेळजग म्हणालं, लहान जादू आहे ना, मग ती सगळीकडे पोचू दे. तिथे रस्त्यांवर जादूचे दिवे आहेत, विजेवर धावणारी गाडी आहे, लहान मंत्रांवर पोट भरणारे मेजराइट नावाचे कारागीर आहेत. तिथली भांडणं त्या सोयी कुणाच्या मक्त्यात आहेत यावर होतात. 1991 चं ‘डार्क सन’ उलट दिशेने गेलं. अथास या वैराण जगात जादूगार मंत्रासाठी आजूबाजूच्या झाडाझुडपांचा जीव ओढून घेतो; ओरबाडून घेतला तर पायाखालची माती राख होते. मला दोन्ही जगं मनापासून आवडतात, कारण दोन्हीकडे कर्त्याने ‘हे खरं मानलं तर लोक कसे जगतील?’ या प्रश्नाला बगल दिलेली नाही. बगल देणारी जगं तिसऱ्या प्रकारची. नियमपुस्तकातली अमर्याद जादू तशीच ठेवायची आणि गाव मध्ययुगीन, दुष्काळी, अंधारं दाखवायचं. आपल्या बहुतेक टेबलांवरचं जग हे असं आहे, म्हणून हा विषय मला तातडीचा वाटतो.

आता अंधार. पाचव्या आवृत्तीत मशालीची किंमत एक तांब्याचं नाणं, ती तासभर जळते आणि वीस फुटांपर्यंत लख्ख उजेड देते. ‘लाइट’ कॅन्ट्रिपही तासभर टिकतो, वीस फूट लख्ख उजेड देतो, किंमत शून्य, पुन्हा एक हात मोकळा. मग मशाल कोण विकत घेईल? पण भुयाराचा खेळ मशालीवरच उभा होता. 1981 च्या बेसिक नियमांत दहा मिनिटांचा एक टर्न मोजायचे. मशाल सहा टर्न, कंदिलाचं तेल चोवीस टर्न, आणि दर दोन टर्नांनी सहा बाजूंचा फासा टाकायचा : 1 पडला की अंधारातून काहीतरी येतंय. ‘अजून एक दार उघडायचं की परतायचं?’ हा प्रश्न त्या तेलातून यायचा. तेल गेलं आणि प्रश्नही गेला.

केल्सी डिऑन यांच्या 2023 च्या ‘शॅडोडार्क’ या खेळाने तो परत आणला, आणि कसा आणला हे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरांनी बारकाईने पाहण्यासारखं आहे. तिथे मशाल खऱ्या घड्याळाप्रमाणे एक तास जळते. खेळाडूंच्या पात्रांना अंधारात दिसण्याची देणगी नाही. ‘लाइट’ मंत्र आहे, काढून टाकलेला नाही. पण फासा टाकून तो जमवावा लागतो, आणि फसला तर विश्रांती होईपर्यंत हातचा जातो. म्हणजे जादूगार जादूगारच राहिला, फक्त कुणीही शहाणा माणूस एकट्या त्याच्या भरवशावर खाली उतरत नाही, थैलीत दोन मशाली ठेवतो.

माझं सांगणं यातच आहे. बंदी घालू नका, किंमत लावा. आणि किंमत लावा ती फक्त तिथे, जिथे तो मंत्र तुमच्या मोहिमेची मुख्य अडचणच गिळून टाकतो. दरबारी कारस्थानांची मोहीम असेल तर ‘लाइट’ला हात लावायचं काही कारण नाही. महिनाभराच्या रानवाटेची कथा असेल, तर पहिल्या पातळीच्या एका मंत्रात दहा जणांचं दिवसभराचं पोट भरणाऱ्या ‘गुडबेरी’चा विचार आधी करावा लागेल.

किंमत म्हणजे दर वेळी मोजणीच, असं नाही. टॉल्किनच्या गँडाल्फने कॅरॅड्रास डोंगराच्या बर्फात ओल्या लाकडांना मंत्राने आग लावली, तेव्हा त्याची शक्ती संपली नाही. पण टेहळणाऱ्या शत्रूला आपण इथे आहोत हे त्याने कळवून टाकलं. आग हवी की लपलेलं राहणं, यातलं एकच मिळणार होतं. आणि मोजणीची ताकद पाहायची तर आपल्या वनपर्वातली द्रौपदीची थाळी आहे. सूर्याने दिलेली, कितीही माणसांना पुरणारी, फक्त द्रौपदीचं जेवण झालं की त्या दिवसापुरती रिकामी. ती अट नसती तर दुर्वास शिष्यांसह आले, जेवले आणि गेले, एवढंच घडलं असतं. अट आहे म्हणून द्रौपदीची घालमेल आहे, कृष्णाचा धावा आहे, थाळीला चिकटलेलं भाजीचं पान आहे. ‘मर्यादेने खेळाडूंची मजा जाते’ असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी ही कथा सांगतो.

‘गायडन्स’ हा दुसऱ्याच्या फाशात भर घालणारा मंत्र; त्याची तक्रार वेगळी आहे. तिथे जग मोडत नाही, बैठक मोडते. कुणी कुलूप उघडायला वाकलं की पलीकडून आवाज येतो, ‘गायडन्स, चार बाजूंचा फासा घे.’ यासाठी नवा नियम लागतच नाही. तो मंत्र मोठ्याने उच्चारावा लागतो, हातवारे करावे लागतात, समोरच्याला स्पर्श करावा लागतो. व्यापाऱ्याशी सौदा चालू असताना शेजारी उभा माणूस मंत्र म्हणत सोबत्याच्या खांद्याला हात लावू लागला, तर व्यापारी काय समजेल? तेवढं प्रामाणिकपणे खेळून दाखवा.

काही लहान जादू मात्र कुणी छाटू नये, असं मी कळकळीने सांगतो. ‘प्रेस्टिडिजिटेशन’ने गार झालेलं जेवण गरम करणारी म्हातारी चेटकीण, चिखलाचा डाग बोटाच्या इशाऱ्याने काढणारा नखरेल जादूगार : या मंत्रांनी कोणतीही अडचण सुटत नाही, माणूस दिसतो. जादू विरळ हवी म्हणून काही गेम मास्टर हेही काढून टाकतात, आणि मग त्यांच्या टेबलावरचा जादूगार लढाई नसताना कुणीच नसतो. ‘रनक्वेस्ट’ या खेळात 1978 पासून साध्या माणसालाही धार वाढवणारे, जखम भरणारे छोटे मंत्र येतात. त्यांची किंमत स्वतःच्या शक्तीतून मोजावी लागते, म्हणून ते जग स्वस्त झालेलं नाही, उलट भरलेलं वाटतं.

हे सगळं मोहीम सुरू होण्याआधी, सेशन झीरोला, खेळाडूंशी बोलून ठरवा. खेळाडूने दुसरा मंत्र सोडून हा निवडलेला असतो. तिसऱ्या डावाला तो गुपचूप निकामी करणं, ‘इथली हवाच जादूला मारक आहे’ असं ऐनवेळी जाहीर करणं, ही फसवणूक आहे, आणि एकदा फसलेला खेळाडू पुढे तुमच्या कोणत्याही अंधारावर विश्वास ठेवत नाही. मध्येच अडचण लक्षात आली तर खेळ थांबवा, उघड सांगा, मंत्र बदलून घेऊ द्या.

आणि ठरलेली मर्यादा पडद्यामागच्या पात्रांनाही लागू करा. खेळाडूंना फासा टाकून उजेड मिळवावा लागत असेल, तर भुयाराच्या तळाशी बसलेल्या मांत्रिकालाही तेल लागलं पाहिजे. कुणीतरी ते त्याला नेऊन देत असेल. तो तेलवाला कोण, कोणत्या वाटेने जातो, त्याला पैसे कोण देतं, हे खेळाडूंना शोधू द्या.