सायकल रोज, काटा जागच्या जागी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘चाळिशीनंतरचा फिटनेस’. आपल्या ग्रुपवर रविवारी सकाळी पळसदरीच्या रस्त्यावरचे सायकलचे फोटो टाकते ती मीच, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले. पण ते फोटो बघताना सगळ्यांच्या मनात एक प्रश्न येतो आणि सभ्यपणे कोणी विचारत नाही. काही जण विचारतात. त्यांची नावे घेत नाही, ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. प्रश्न असा की ही रोज सायकल मारते, तीन वर्षे झाली, मग बारीक का होत नाही? मी ठरवले, आज त्यावरच बोलायचे.

इंजिनिअर आहे, त्यामुळे आधी आकडे. उंची १५७ सेंटिमीटर. तीन वर्षांपूर्वी वजन ७४ किलो. पहिल्या चार महिन्यांत ते ७१ झाले, घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आज ७३ आहे. या काळात सायकल झाली सुमारे १४ हजार किलोमीटर. आठवड्यातले पाच दिवस दहिवलीवरून कोंडिवड्याच्या बाजूला तासभर, रविवारी खोपोलीपर्यंत जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. पावसाळ्यात खंड पडतो. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

आता गणित बघा. तासाभराच्या सायकलीला मोबाइलमधले अॅप ४५० कॅलरी दाखवते. त्यातल्या सत्तर-पंचाहत्तर मी घरी खुर्चीत बसले असते तरी खर्च झाल्याच असत्या. उतार, फाटक, गुरे, ओळखीचे लोक हे सगळे वजा करून ३५० धरू. आठवड्याला पाच वेळा म्हणजे १७५०. किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात असे पुस्तकात लिहिलेले असते. भागाकार केला तर वर्षाला जवळजवळ १२ किलो, तीन वर्षांत ३५. म्हणजे आज तुमच्यासमोर ३९ किलोची बाई उभी असायला हवी होती. दहावीच्या निरोप समारंभात मी याहून जड होते! गणित बरोबर आणि उत्तर हास्यास्पद, असे झाले की आम्ही सॉफ्टवेअरवाले समजतो की गणितात धरलेले एखादे गृहीत खोटे आहे. ते शोधायला मी बरेच वाचले. त्यातले थोडे सांगते.

विज्ञानाच्या सरांना आठवत असेल, त्यांनी आम्हाला खोपोलीचे टाटांचे वीजघर दाखवायला नेले होते. १९१५ पासून ते चालू आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येते आणि चक्रे फिरवते. मी जेव्हा खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्याला सायकल चढवते तेव्हा तेच काम उलट करते, साधारण तेवढीच उंची. मी आणि सायकल मिळून ८८ किलो. सरांचेच सूत्र, वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. उत्तर ४३१ किलोज्यूल, म्हणजे शंभरएक कॅलरी. माणसाचे इंजिन चारातला एक भाग कामाला लावते, बाकीची उष्णता होते, म्हणून प्रत्यक्ष खर्च चारशे. हवा आणि रस्त्याचे घर्षण धरून पाचशे म्हणा. दीड तास, जीभ बाहेर, आणि हिशेबात काय, तर दोन वडापाव. आपल्या कर्जत स्टेशनवर गाडी थांबते तेवढ्या वेळात लोक दोन खातात.

पण मी ते दोन वडे खात नव्हते. माझी वही आहे, रोजचे लिहिलेले आहे. म्हणून मला पुढे जावे लागले.

अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि त्यांचे सहकारी टांझानियातल्या हाडझा लोकांकडे गेले. हे लोक अजून शिकार करून आणि कंद-मध गोळा करून जगतात. आपल्या ठाकूर-कातकरी बायका मोळ्या घेऊन डोंगर उतरतात ना, तशा तिथल्या बायका रोज मैलोन्‌मैल चालतात. एक खास पाणी प्यायला देऊन त्यांचा खर्च मोजला. त्या पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन थोडे जड जातीचे असतात. ते लघवीतून किती वेगाने कमी होतात यावरून माणसाने किती कार्बन डायऑक्साइड सोडला आणि पर्यायाने किती ऊर्जा जाळली ते कळते. अंदाजपंचे काही नाही. २०१२ साली निकाल छापला. शरीराचा आकार लक्षात घेतला तर हाडझांचा दिवसभराचा खर्च अमेरिकेतल्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाइतकाच निघाला!

मी हे वाचले तेव्हा लोकलमध्ये होते, आठवड्यातून दोन दिवस ऐरोलीला जाते, आणि बदलापूर कधी गेले ते कळले नाही. पाँट्झरांचे म्हणणे असे की शरीर ठरलेल्या पगारात घर चालवणाऱ्या बाईसारखे वागते. व्यायामावर जास्त खर्च झाला की दुसरीकडे काटकसर करते. संध्याकाळी आपण नकळत कमी उठबस करतो, आतल्या आत काही कामे मंदावतात. भूक वाढते ती वेगळीच. सगळी बचत शरीर परत घेते असे नाही, आणि याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण व्यायामाच्या ३५० कॅलरी जशाच्या तशा वजनातून वजा होत नाहीत, एवढे नक्की. त्यात वजन उतरले की हलक्या शरीराला लागतेही कमी. पहिले तीन किलो पटकन जातात आणि पुढे काटा अडतो, त्यात ही दोन्ही कारणे आहेत.

मैत्रिणी म्हणतात, ‘अगं, चाळिशीनंतर मेटाबोलिझमच मंदावतो.’ त्याचेही मोजमाप झाले आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त लोकांची माहिती आली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या आजोबांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायू हिशेबात घेतले तर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळजवळ सारखाच राहतो. बदलते ते दुसरे. स्नायू घटतात, झोप तुटते (अमेरिकेतल्या टीमबरोबर रात्री दहाचा कॉल असलेल्यांनी हात वर करा), आणि आपल्या वयाच्या बायकांमध्ये पाळी जायच्या सुमारास मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. हे मोकळेपणाने बोलायला हरकत नसावी, बाईंनी आम्हाला नववीत जीवशास्त्र न लाजता शिकवले होते.

इथपर्यंत सगळे परदेशातले. आता आपल्या जवळचे, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्या आईच्या हातचे वालाचे बिरडे खाल्ले आहे. आई आठवते ना? काटकुळी. आयुष्यात तिचे वजन ५० किलोच्या वर गेले नाही. विहिरीचे पाणी, शेतावरची ये-जा, बसलेली मी तिला पाहिलीच नाही. आणि तिला बेचाळिसाव्या वर्षी डायबेटिस झाला. शेवटची चार वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ‘मी तर बारीक आहे, मला साखर कशी?’ हे ती प्रत्येक डॉक्टरांना विचारायची.

याचे उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. बाळ लहान, हातपाय बारीक, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. वरून बारीक, आतून जाड. ही ठेवण जन्मापासूनच असते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. जगभरात हे ‘वाय-वाय पॅरडॉक्स’ म्हणून ओळखले जाते, दोघांच्या आडनावांच्या पहिल्या इंग्रजी अक्षरांवरून. त्यामुळेच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर धरतात. माझा आज साडेएकोणतीसच्या वर आहे, म्हणजे आपल्या रेघेने मी लठ्ठच.

आईची मुलगी असल्यामुळे मी तीन वर्षांपूर्वी सायकल घेतली ती साडीत छान दिसायला नाही. तेव्हा माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, ६.३ होती. साडेसहाला डायबेटिस म्हणतात. आज ती ५.७ आहे. कंबर ९७ वरून ९१ सेंटिमीटर. सकाळी उठल्यावरची नाडी मिनिटाला ८४ होती, आता ६६. वजन एक किलो कमी! डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि म्हणाले, ‘काट्याकडे बघणारे तुम्हाला नापास करतील, मी नाही करणार.’

लंडनच्या डबलडेकर बसवर १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी असेच काही पाहिले होते. दिवसभर बसणारे ड्रायव्हर आणि दिवसभर जिने चढणारे कंडक्टर. हृदयविकार कंडक्टरांना बराच कमी. मॉरिस इतके चिकट की त्यांनी पुढे गणवेशाच्या पॅंटची मापेही मागवली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या, पण नुसत्या कमरेने तो फरक समजावता येईना. जिने चढण्याचा फायदा बारीक होण्यावर अवलंबून नव्हता. कर्जत स्टेशनचा पूल मी तेव्हापासून आनंदाने चढते.

आहाराचे विचाराल, तर आमच्या घरात दोन पंथ आहेत. नवरा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच जेवणारा. नणंद ऋजुता दिवेकरांची, थोडे थोडे पण वेळच्या वेळी, तूप-भात सोडायचा नाही म्हणणारी. गणपतीत पंगतीला बसले की मजा येते. मी दोघांकडून आपल्याला जमेल तेवढे घेतले. भात सोडला नाही. ज्या गावाच्या संशोधन केंद्रातून कर्जत-३ आणि कर्जत-७ सारखी भाताची वाणे निघाली तिथली मुलगी भात कशी सोडेल? पण ताटात आता भाताआधी वाल, मटकी, अंडी, सुकट येते, भाताचा ढीग आमटीच्या वाटीएवढा झाला. हिवाळ्यात पोपटी मात्र मनसोक्त. आठवड्यातून दोनदा डंबेल उचलते, कारण सायकलने पाय होतात, खांदे-पाठ होत नाही, आणि आपल्या ठेवणीत स्नायूच कमी आहेत. कंबर जी उतरली ती मुख्यतः हे सुरू केल्यानंतरच्या वर्षात.

औषधांचेही सांगते, कारण ग्रुपवर त्याची कुजबुज चालू असते. माउंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आले, वेगोवी त्यानंतर तीन महिन्यांनी. आठवड्याला एक इंजेक्शन, भूक कमी होते, वजन खरोखर उतरते. महाग आहे, मळमळ-उलट्यांसारखे त्रास होऊ शकतात, आणि बंद केले की वजन बहुतेकांचे परत येते. माझा निर्णय अजून झालेला नाही. साखर पुन्हा चढली तर मी घेईन आणि ग्रुपवर सांगेनही. पण आपल्यात कोणी घेत असेल तर त्याला ‘शॉर्टकट’ म्हणून चिडवू नका. चष्मा लावणाऱ्याला आपण डोळ्यांचा व्यायाम कर म्हणून टोमणे मारत नाही.

आणि तिसऱ्या रांगेतल्या बारीक मंडळींनो, तुमच्यासाठीच मी आज बोलायला आले. आपल्या बॅचचे दोघे जण आज नाहीत, दोघेही हृदयविकाराने गेले, आणि दोघांनाही आपण शाळेत ‘काडी’ म्हणायचो. बारीक आहे म्हणून तपासायचेच नाही, असे आपल्याकडे होते.

नावनोंदणीच्या टेबलावर मी शिंप्याची टेप ठेवली आहे. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचे. बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरची रेघ आहे. त्याच्या वर असाल, किंवा घरात कोणाला साखर असेल, तर या आठवड्यात उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी करून घ्या. टेप जेवणाआधी लावा. आज जेवणात पुरणपोळी आहे असे मला स्वयंपाकघरातून कळले आहे.