बाळाच्या छातीतल्या बांध्या



तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीचं नाव घेतलं की कुणाला जंगल आठवेल, कुणाला जवळच्या डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण. मला एक अंधारी खोली आठवते. बाजेवर बाळंतीण, बाजेखाली शेगडी, आणि नुकतंच न्हाऊ घातलेलं बाळ ओव्याच्या धुरीवर धरलेलं. बाळ खोकललं. आजी म्हणाली, "धुरीनं छाती मोकळी होते, डाक्टरीणबाई." तिला तेव्हा नीट समजावता आलं नाही. आज प्रयत्न करते.

बाळ सगळे अवयव तयार घेऊन येतं आणि पुढे ते फक्त वाढतात, असं आपण समजतो. मूत्रपिंडातल्या गाळण्या खरोखरच जन्माआधी तयार होतात. फुप्फुसाचं मात्र बांधकाम अर्धवट असतं. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात, एकेक जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. त्यांतले बहुतेक जन्मानंतर घडतात.

ते कसे? आपल्या धानाच्या शेताकडे बघा. मोठ्या जमिनीत धुरे घालून आपण लहान लहान बांध्या पाडतो. नवजात बाळाच्या श्वासनळ्यांच्या टोकांना मोठाल्या पिशव्या असतात. त्यांच्या भिंतींतून आतल्या बाजूला बारीक कडा उगवतात. कडेच्या टोकाशी इलास्टिन नावाचे रबरासारखे ताणले जाणारे तंतू असतात. कडा उंचावत जातात आणि एका पिशवीच्या अनेक खोल्या होतात. या नव्या भिंतींत आधी केशवाहिन्यांचे दोन थर असतात. पुढे त्यांचा एकच थर होतो, भिंत पातळ होते आणि त्या रक्ताला दोन्ही बाजूंनी हवा मिळते. आपण धुऱ्यावर तूर लावतो, ती वरकमाई. फुप्फुसात सगळं पीकच धुऱ्यावर! म्हणून तर एवढ्याशा छातीत जवळजवळ बॅडमिंटनच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो.

हे काम पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्यानं चालतं. नंतर ते थांबतं, असं आम्ही शिकलो होतो. पण इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संशोधकांनी ७ ते २१ वर्षांच्या मुलांना हीलियम वायू हुंगवून एमआरआय तपासण्या केल्या. नवे वायुकोश किशोरवयातही तयार होत असावेत, असा निष्कर्ष त्यांनी २०१२ मध्ये मांडला.

फार लवकर जन्मलेल्या बाळांत हे धुरे कधी कधी नीट उभेच राहत नाहीत. खोल्या मोठ्या आणि मोजक्याच राहतात. अशा बाळाला प्राणवायू लागतो आणि तो जास्त झाला तरी अपाय होतो. नवजात कक्षातल्या परिचारिका यंत्रावरचा आकडा सारखा बघत असतात, तो याच कारणानं.

आता धूर. चुलीच्या धुरानं लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका वाढतो. घरात विडी ओढली जात असेल तर मुलांच्या फुप्फुसांची ताकद कमी भरते. आणि निखाऱ्यांचा धूर दिसत नाही म्हणून बंद खोलीतली शेगडी निर्धोक होत नाही. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो.

"मग लेकराला थंडी नाही वाजणार?" आजीचा प्रश्न रास्त होता. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरायचं, डोक्याला टोपडं, वरून पांघरूण, एवढं मी तिला दाखवलं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा शेगडी ओसरीत गेली होती. धुरी मात्र चालूच होती.

"दार उघडं ठेवते ना आता," आजी म्हणाली.