धान्याची पत

ज्वारीचे मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहा. दाणा भरलेला आहे की पोचट, किडका किती, मातेरे किती, हे जाणत्या माणसाला एका नजरेत कळते. दाताखाली धरला की ओलही कळते. पण ज्या रानात तो पिकला, तिथली माती जागेवर राहिली की पावसाबरोबर नाल्याला गेली, पिकावर औषध किती वेळा मारले, जमिनीला शेणखत मिळाले की नाही, यातले काहीच दाण्यावर दिसत नाही. जमीन राखणारा शेतकरी आणि न राखणारा शेतकरी, दोघांचेही धान्य बाजारात एकाच भावाने जाते. मग त्याने घेतलेल्या जादा कष्टाचे मोल कोण देणार? आणि गिऱ्हाईक तरी दोन पैसे अधिक कुणाच्या शब्दावर मोजणार?

हा शब्द देण्याचे काम धान्य पिकविणाऱ्यांच्या संघटनेचे आहे. पण शब्द द्यायचा तर आधी पत हवी, आणि ती मागून मिळत नाही.

आमच्या मराठवाड्यात धान्य गोळा करणाऱ्याविषयी संशय जुना आहे, आणि तो उगाच नाही. निजामी अमदानीत, १९४० नंतरच्या दशकात, लेव्हीचे धान्य सक्तीने नेले जाई. पुढे लोकांचे राज्य आले. तरी काटा बाहेरच्या माणसाच्या हातात आणि पोते आपले, ही रीत फारशी बदलली नाही. कडता, हमाली, तोलाई अशी नावे घेत पट्टीवरचा आकडा खाली येतो, हे शेतकऱ्याला पाठ झालेले आहे. म्हणून उद्या त्याच्याच गावची संघटना काटा मांडून बसली, तरी तो पहिल्या दिवशी काट्याकडेच पाहणार. पाहू द्यावे!

२००३ पासून कायद्याने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. दहा उत्पादक एकत्र आले की पुरे. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. ही सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण पाटी लागली, उद्घाटनाचा नारळ फुटला, फोटो निघाला आणि नंतर कुलूप, अशाही कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी अधिक बोलण्यात अर्थ नाही.

चालणाऱ्या संघटनेची परीक्षा कुठे होते ते सांगतो. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या भागांत मका फार. दिवाळीच्या सुमारास तो खळ्यावरून थेट विक्रीला निघतो, तेव्हा दाण्यात ओल असते. सरकारी हमीभावाच्या खरेदीला ओलावा शेकडा १४ पर्यंत चालतो, त्याहून जास्त नाही. ही अट शेतकऱ्याला छळवादाची वाटते. पण ओला मका गोदामात रचला की त्याला बुरशी येते, त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, आणि ते कोंबड्यांच्या नि जनावरांच्या खाद्यातून पुढे जाते. तेव्हा ओलावा मोजायचे यंत्र सर्वांच्या डोळ्यांदेखत लावावे, आकडा शेतकऱ्याला स्वतः वाचू द्यावा, हिशोबपट्टी त्याच दिवशी हातात द्यावी. आणि अध्यक्षांच्या सख्ख्या भावाचा मका ओला निघाला तर? तोही परत पाठवावा. गावात ही बातमी संध्याकाळपर्यंत पोहोचते. दहा सभांनी जे होत नाही ते या एका परत गेलेल्या ट्रॅक्टरने होते.

इथपर्यंत दाण्याची गोष्ट झाली. मातीची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण संघटना जे विकत घेते तेच गाव पेरते. केवळ मकाच घेणारी संघटना असेल, तर शेतकरी वर्षामागून वर्ष मकाच लावील. २०१८ पासून मक्यावर लष्करी अळी आली आहे. तिच्यामागे फवारण्या आल्या, खर्च आला. ज्वारी मागे पडली तसा कडबा कमी झाला, कडब्यावाचून जनावरे सांभाळणे जड झाले, आणि जनावरे गेली तिथे शेणखतही गेले. हे चक्र उलटे फिरवायचे तर भाषण उपयोगाचे नाही. संघटनेने ज्वारी आणि तूर घेण्याची तयारी पेरणीपूर्वी जाहीर करावी. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. अडते ते विक्रीपाशी.

विषमुक्त धान्याची हमी देण्यासाठी केंद्र सरकारच्या कृषी खात्याची सहभाग हमी पद्धत आहे. पाच किंवा अधिक शेतकऱ्यांचा गट करायचा, आणि गटातल्यांनी एकमेकांची शेते तपासायची. पद्धत स्वस्त आहे, गावाला मानवणारी आहे. पण भाऊबंदकी आणि भीड या दोन गोष्टी आपल्याला माहीत नाहीत का? ‘तू माझ्यावर सही कर, मी तुझ्यावर करतो’ असे व्हायला किती वेळ! माझ्या मते तपासणीची वही ग्रामपंचायतीत उघडी ठेवावी, आणि शहरातल्या गिऱ्हाइकालाही शेतावर येऊ द्यावे. पाहुणा येणार म्हटले की घर झाडले जाते.

जालना जिल्ह्यातल्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कंपनीच्या नव्हे, एका मुलुखाच्या नावाने ज्वारी ओळखली जावी, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र मानांकन धान्य कुठले आणि कोणत्या गुणाचे एवढेच सांगते; रान कसे राखले ते सांगत नाही. ती जबाबदारी पुन्हा पिकविणाऱ्यांच्याच गटावर येते. आणि एकाने जरी दुसरीकडची ज्वारी त्या नावाच्या पिशवीत भरली, तरी नाव सर्वांचेच जाते.

गिऱ्हाइकाचेही काही काम आहे. यंदा रब्बीची ज्वारी घ्याल, तेव्हा दुकानात एवढेच विचारा : ही कोणत्या गावची, कोणत्या गटाची? उत्तर मिळाले तर एखाद्या रविवारी त्या गावी जाऊन या. बदनापूर काही लांब नाही, जालन्याच्या रस्त्यावरच आहे. काटा कसा लावतात ते पाहा, वही मागा, आणि ज्वारी काढून झाल्यावर त्या रानात पुढे काय पेरणार आहेत, तेही विचारा.